नदीची वहिवाट

आषाढ लागला आणि घाटमाथ्यावर पावसाने ठाण मांडले, की कोल्हापूर-सांगलीकडील घरांतून सकाळच्या चहाबरोबर एकच प्रश्न विचारला जातो : "आज किती फूट ?" कशाचे फूट, कोठले फूट, हे सांगण्याची तिकडे कोणास गरज पडत नाही. कोल्हापुरास ते राजाराम बंधाऱ्यावरचे असतात, सांगलीस आयर्विन पुलाखालचे. बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांस आली म्हणजे इशारा, ४३ फुटांस गेली म्हणजे धोका. आयर्विन पुलाशी कृष्णेच्या बाबतीत हेच आकडे ४० आणि ४५. शाळेतील मुलांस पावकी-निमकी येवो न येवो, हे आकडे मात्र तोंडपाठ असतात. नाशिककरांनी या कामी दुतोंड्या मारुतीची नेमणूक केली आहे. गोदावरी त्याच्या गुडघ्याशी आहे, कमरेशी आहे की छातीशी, यावरून गावाने आपले सामान आवरावे की नाही ते ठरवावयाचे. मोजण्याच्या रीती निराळ्या असल्या तरी नदीकाठच्या वस्तीचे पहिले शहाणपण या मोजण्यातच आहे. पण २००५, २०१९ आणि २०२१ या तीन साली कृष्णा-पंचगंगेच्या काठी जो अनर्थ झाला, तो पाहता नुसते मोजणे पुरेसे नाही असे दिसते. मोजून झाल्यावर पुढे काय करावयाचे, याविषयी आमच्या मनात बरेच दिवस जे घोळत आहे ते या महिन्यात वाचकांपुढे ठेवीत आहोत.

'पूर' हा शब्द आपण उच्चारतो तेव्हा त्यात परचक्राचा भाव असतो. गावात पाणी 'शिरले', पाण्याने गावास 'वेढा' दिला, अशी आपली भाषा. जणू काही हे पाणी परमुलखातून, कुरापत काढून आले आहे ! परंतु त्या प्रदेशाचा नकाशा समोर घेऊन घटकाभर पाहिले तर ही भाषा कितपत खरी, याची शंका येऊ लागते. महाबळेश्वर, कोयना, गगनबावडा, राधानगरी या माथ्यावरच्या पट्ट्यात जो पाऊस कोसळतो, त्याच्या मानाने सांगली-मिरजेकडील पाऊस अगदीच किरकोळ. तेव्हा सांगलीस येणारा पूर हा पुष्कळदा सांगलीवर न पडलेल्या पावसाचा असतो. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती या चार नद्या आणि गुप्त मानलेली सरस्वती मिळून प्रयाग-चिखलीस पंचगंगा होते. वारणा हरिपुरास कृष्णेला मिळते आणि पंचगंगा नृसिंहवाडीस. डोंगर उतरताना धावत सुटलेल्या या नद्या सपाटीस आल्या की एकदम मंदावतात. सांगलीपासून वाडी-कुरुंदवाडापर्यंत पात्राला उतार इतका थोडा, की पाण्यास पुढे सरकण्यापेक्षा दोहों अंगांस पसरणे सोपे जाते. त्यातून कृष्णा दुथडी भरून वाहत असली म्हणजे संगमावर पंचगंगेस वाट मिळत नाही. तिचे पाणी थबकते, मागे फुगू लागते, आणि वर पाऊस उघडला तरी खाली शिवारातून पाणी हलत नाही. काठची जी मळीची जमीन तिकडच्या शेतकऱ्यास जीव की प्राण वाटते, ती याच पसरलेल्या पाण्याने युगानुयुगे आणून घातलेल्या गाळाची झालेली आहे.

कायद्यात वहिवाट म्हणून एक गोष्ट आहे. एखाद्याच्या शेतातून पिढ्यान् पिढ्या लोकांची पायवाट असली, तर मालकाने कागद दाखविले तरी ती वाट सहसा मोडता येत नाही. नदीच्या काठच्या सखल भूमीवर नदीची अशीच वहिवाट आहे. ती दरसाल हक्क सांगावयास येत नाही, एवढ्यावरून तो हक्क बुडाला असे समजणे हा आपला भोळेपणा होय. आणि भूखंड पाडून विकणाऱ्यांचा तो भोळेपणा नसून धंदा आहे.

जुन्या लोकांस ही वहिवाट ठाऊक होती आणि त्यांनी ती मानलीही होती, याची खूण नृसिंहवाडीस आजही पाहावयास मिळते. पाणी चढू लागले की ते दत्तमहाराजांच्या गाभाऱ्यात येते, पादुकांवरून वाहते आणि दक्षिणेच्या दाराने बाहेर पडते. यास दक्षिणद्वार सोहळा म्हणतात, आणि त्या पाण्यात स्नान घडावे म्हणून भाविक दूरदुरून धाव घेतात. याहून पाणी वर आले की उत्सवमूर्ती उंचावरील नारायणस्वामींच्या मंदिरात नेतात. नित्याची पूजाअर्चा तेथे होते. पाणी ओसरले की देव स्वस्थानी परततात. याचा पारमार्थिक अर्थ ज्याचा त्याने आपापल्या श्रद्धेप्रमाणे घ्यावा. आम्ही येथे केवळ त्यातील व्यवहार पाहतो. देऊळ नदीच्या वाटेत आहे हे पुजाऱ्यांनी नाकारले नाही. पाण्यास आत येण्याचे दार आहे, बाहेर पडण्याचे दार आहे, आणि देवासही उठून जाण्याचे ठिकाण आधीपासून नेमलेले आहे. 'ऐन वेळी पाहू' ही भाषा त्यात कोठेच नाही.

दुसरे उदाहरण अगदी रोजच्या पाहण्यातले. कोल्हापूर पद्धतीचा बंधारा आता महाराष्ट्रभर झाला आहे. दगडी खांब आणि त्यांच्या खाचांतून बसविलेले बरगे, एवढेच त्याचे स्वरूप. पावसाळा सरला की बरगे घालून पाणी अडवावयाचे आणि पुढचा पावसाळा तोंडावर आला की ते काढून नदीस वाट मोकळी करून द्यावयाची. त्यामुळे पुरात बंधारा पाण्याखाली जातो, पण पाण्याला आडवा येत नाही. वर्षातले आठ महिने नदी आमची आणि चार महिने तिची तिची, असा हा जणू करारच आहे.

हा करार कोणी मोडला ? येथे बहुतेकांचे बोट पूर्वेकडे, कर्नाटकातील अलमट्टीच्या धरणाकडे वळते. त्या धरणाच्या उंचीचा वाद दोन राज्यांत अनेक वर्षे लवादापुढे व न्यायालयात गाजला आहे, आणि भिंतीची उंची वाढविण्यास महाराष्ट्राने घेतलेली हरकत क्षुल्लक म्हणता येणार नाही. तथापि २०१९ च्या पुराची कारणे शोधण्यासाठी महाराष्ट्र सरकारनेच नेमलेल्या वडनेरे समितीने २०२० साली अहवाल दिला, त्यात अलमट्टीस मुख्य दोषी ठरविले नाही. अतिवृष्टी, आणि नदीच्या पात्रात व पूरक्षेत्रात झालेली अतिक्रमणे यांवर बोट ठेवले. हा निष्कर्ष कित्येकांस रुचला नाही. दोष दुसऱ्या राज्याचा असला म्हणजे आपल्यास काही करावे लागत नाही, हा त्यातला सोयीचा भाग. पण ओढ्यांत भराव टाकून उभ्या राहिलेल्या इमारती, पाण्याच्या वाटेत आडवे घातलेले रस्त्यांचे बांध, मळीतल्या वसाहती, ही काही कर्नाटकाने येऊन बांधलेली नाहीत. कोल्हापुरात अंबाबाईच्या देवळाभोवतालचे जुने गाव उंचवट्यावर आहे. पाणी चढते ते प्रथम सुतारवाड्यासारख्या सखल वस्तीत, आणि मग जयंती नाल्याच्या आधाराने नव्या, सुखवस्तू पेठांत. गरीब माणूस नदीकाठी राहतो तो दुसरीकडे जागा परवडत नाही म्हणून. परंतु 'नदीकाठी, निसर्गरम्य' अशी जाहिरात वाचून हौसेने घर घेणारे आपल्यासारखे शिकलेले लोकच असतात, हे आमच्या वाचकांनी रागावू नये तर सांगतो.

२०१९ च्या ऑगस्टात काय घडले ते स्मरणात असेलच. जुलैअखेरच्या पावसाने धरणे भरत आलेली, राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडलेले, कोयनेतून विसर्ग चाललेला, आणि वरून पाऊस थांबावयास तयार नाही. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ५५ फुटांच्या वर आणि आयर्विन पुलाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली जाऊन कित्येक दिवस बंद पडला. मुंबई-पुण्याकडे जाणारे दूध अडले. आणि चहूंकडे पाणीच पाणी असता कोल्हापुरात प्यावयास पाणी मिळेना, कारण ज्या उपशाच्या केंद्रांतून शहरास पाणी येते तीच बुडाली होती. २०२१ च्या जुलैतील पूर निराळ्या जातीचा. तेव्हा महाबळेश्वरी एका दिवसात सुमारे ५९४ मिलिमीटर, म्हणजे तेवीस इंचांहून अधिक पाऊस झाला. त्याच सुमारास घाटाखाली चिपळूण बुडाले आणि कोल्हापुरास पंचगंगा दोन वर्षांपूर्वीच्याही वर गेली. मात्र पाणी जसे झपाट्याने चढले तसे आधीच्या मानाने लवकर उतरलेही. एक पूर सावकाश येऊन मुक्काम करणारा, दुसरा एका रात्रीत उंबरा ओलांडणारा; दोहोंस एकच उपाय कसा चालावा ?

मग नदीस भिंत घालावी, अशी सूचना पुष्कळदा ऐकू येते, आणि सांगणारे हॉलंडचा दाखला देतात. हे वलंदेज आपल्यास अगदीच अनोळखी नाहीत. सतराव्या शतकात वेंगुर्ल्यास त्यांची वखार होती. त्यांचा बराच देश समुद्रसपाटीच्या खाली आहे आणि बांधांच्या आश्रयाने तो कोरडा राहिला आहे, हे खरे. १ फेब्रुवारी १९५३ च्या रात्री वादळाने समुद्र चढून ते बांध फुटले आणि तेथे १,८३६ माणसे बुडाली. त्यानंतर त्यांनी समुद्राच्या तोंडांशी जी प्रचंड बांधकामे केली, ती १९९७ पर्यंत चालली होती. पण दाखला देणारे लोक येथे थांबतात, आणि खरा बोधप्रद भाग यापुढचा आहे. १९९३ साली आणि पुन्हा १९९५ साली त्यांच्यावर पाणी आले ते समुद्राकडून नव्हे, पाठीमागून, नद्यांकडून. १९९५ मध्ये अडीच लाख माणसे घरे सोडून हलवावी लागली. तेव्हा भिंती आणखी उंच कराव्या, हाच विचार सहज सुचणारा होता. परंतु भिंत जितकी उंच तितके तिच्याआडचे लोक निर्धास्त, तितकी तेथे वस्ती दाट, आणि ती फुटली तर अनर्थही तितका मोठा, हे त्यांच्या इंजिनियरांनी ओळखले. ज्यांचा सारा जन्म बांध घालण्यात गेला त्या लोकांनी मग 'नदीला जागा' या नावाची योजना हाती घेतली आणि तीसांहून अधिक ठिकाणी नद्यांना त्यांची जागा परत दिली. नायमेगेन या शहरापाशी वाल नदीचा बांध ३५० मीटर मागे सरकवला. त्यापायी सुमारे पन्नास घरे पाडावी लागली. ओव्हरडीप नावाच्या सखल टापूत तर शेतकऱ्यांनीच आपण होऊन सुचविले की, आम्हांस मातीचे उंचवटे करून द्या, त्यांवर आम्ही घरे-गोठे बांधतो. मोठ्या पुराच्या वेळी आमची शेते खुशाल पाण्याखाली जाऊ द्या.

हे त्यांस का साधले ? पैसा हे एक कारण आहेच. पण तेवढेच नव्हे. त्या देशात पाण्याचा कारभार पाहणाऱ्या स्वतंत्र पंचायती तेराव्या शतकापासून चालत आल्या आहेत. त्यांच्या निवडणुका निराळ्या, कर निराळा. बांधाआड ज्याची जमीन, त्याने बांधाचा भार उचलावा, हा त्यांचा मूळ नियम. म्हणून कोणाची जमीन पाण्यास द्यावयाची आणि त्याचा मोबदला कोणी भरावयाचा, हे बोलण्यास तेथे एक जागा आहे. आपल्याकडे नदी एका खात्याची, धरण दुसऱ्याचे, पूल तिसऱ्याचा, शहराचा आराखडा चौथ्याचा. सांगलीच्या बाजूस भिंत घातली तर ते पाणी समोर सांगलवाडीकडे किंवा खाली हरिपुराकडे लोटले जाणार. आणि भिंतीच्या आत शहरात पडलेला पाऊस ज्या नाल्यांनी नदीस जातो, तो पूर असेपर्यंत आतच तुंबणार. ज्यांच्या अंगणात ते पाणी लोटावयाचे त्या गावांस कोणी विचारले आहे काय ?

जागा सोडणे हे सांगण्यास सोपे आणि करण्यास फार कठीण आहे, याची कबुली दिलीच पाहिजे. पंचगंगेच्या उगमस्थानी असलेल्या प्रयाग-चिखली व शेजारच्या आंबेवाडी या गावांची गोष्ट पाहावी. १९८९ च्या पुरानंतर या गावांस सोनतळी येथे उंचावर जागा देण्यात आली. तीस वर्षांनी, २०१९ साली, पुन्हा चिखली बुडाली, आणि पाण्यात अडकलेल्या माणसांस होड्यांनी बाहेर काढावे लागले. कारण गाव पुरते हललेच नव्हते. शहरात बसून यास हट्ट म्हणणे सोपे आहे. पण ज्याचे शेत खाली, म्हशी खाली, ग्रामदैवत खाली, त्याने झोपण्यापुरते वर जावे आणि पहाटे धारेस खाली यावे, हे वर्षाचे बारा महिने कसे जमावे ? चूलखंड पुरेल एवढी जागा दिली म्हणजे शेतकऱ्याचे घर झाले, असे मानणाऱ्यांनी गोठा, कडब्याची गंज आणि शेणीचा हुडवा कोठे रचावयाचा याचा विचार केलेला नसतो. पुनर्वसनाची योजना कागदावर पुरुष करतात. त्यात बायकांचे मत घेतले असते तर निदान एवढे तरी सुटले नसते, असे आम्हांस वाटते.

या विषयावर लिहावे असे मनात असतानाच सांगलीच्या एका वाचकभगिनीचे पत्र आले. नदीपासून फारसे दूर नसलेले तळमजल्याचे एक घर बेताच्या किमतीस मिळत आहे. २०१९ साली त्यात माळ्यापर्यंत पाणी होते, हे विकणारे गृहस्थ लपवीत नाहीत. पण "असला पूर शंभर वर्षांतून एकदा, आता तुमच्या हयातीत भय नाही," असे ते म्हणतात. यजमानांस हे पटले आहे. बाईंस पटलेले नाही. त्यांनी आमचे मत विचारले आहे.

बाईंची शंका रास्त आहे. पाटबंधारे खाते नदीकाठी दोन रेषा आखते. निळी रेषा म्हणजे सरासरीने पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, तांबडी शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधकामास मनाई आणि दोहोंच्या मध्ये निर्बंध, असा नियम आहे. यातील 'शंभर वर्षांतून एकदा' या शब्दांनी भल्याभल्यांची फसगत होते. याचा अर्थ एकदा आला की नव्व्याण्णव वर्षे सुट्टी, असा मुळीच नाही. दरसाल शंभरांत एक इतका त्याचा संभव, एवढाच अर्थ. सोंगट्यांच्या खेळात एकदा पडलेले दान लगेच पुन्हा पडू नये असा काही फाशांवर निर्बंध नसतो, नदीचेही तसेच. हिशेब मांडला तर तांबड्या रेषेवरील घरात तीस वर्षे राहणाऱ्या कुटुंबास एकदा तरी पाणी पाहण्याचा संभव चारांत एकाहून किंचित अधिक येतो, आणि निळ्या रेषेवर तो दहांत सात ! घरासाठी काढलेल्या कर्जाची मुदत सामान्यतः वीस-तीस वर्षे असते. म्हणजे हप्ते फिटण्याच्या आधीच नदी येऊन जाण्याचा संभव किती, ते ज्याचे त्याने पाहावे. शिवाय ही सारी गणिते मागील पावसाच्या नोंदींवर बसविलेली असतात, आणि पावसाची चाल पालटत असल्याचे शास्त्रज्ञ सांगत आहेत. २०१९ आणि २०२१ यांत अंतर अवघे दोन वर्षांचे होते.

तेव्हा ते घर घेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. वरच्या मजल्यावर मिळत असेल तर विचार करावा, पण तेथेही खालून वाट बंद, वीज बंद, नळ बंद, अशा स्थितीत आठ दिवस काढावे लागतील हे धरून चालावे. कोणतेही घर पाहताना गच्चीवरून नदी किती छान दिसते हे मागाहून पाहावे. आधी महापालिकेत जाऊन पूररेषेचा नकाशा पाहावा, आणि मग त्या आळीतील एखाद्या वृद्ध बाईस विचारावे. नकाशात चूक होऊ शकते, पण उंबऱ्यात पाणी कोणत्या साली आले हे ती सहसा विसरत नाही.

ज्यांची घरे आधीच सखल भागात आहेत त्यांनी काय करावे ? इशाऱ्याचा आकडा गाठताच निघावे, धोक्याच्या आकड्याची वाट पाहू नये. ८ ऑगस्ट २०१९ रोजी पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे वेढलेल्या गावातून बाहेर पडणाऱ्यांची नाव उलटून पंधरांहून अधिक माणसे बुडाली. नावेत तिच्या मगदुराहून अधिक माणसे बसली होती. पाणी गुडघाभर असताना जी वाट पायांनी चालता येते, तीच पुरुषभर झाल्यावर नावेने जावे लागते, आणि नावा थोड्या असतात. घरातील वृद्ध माणसे देवघर सोडून हलावयास तयार नसतात, हा अनुभव घरोघरचा. त्यांच्याशी वाद घालण्याची वेळ पाणी अंगणात आल्यावरची नव्हे. कोणाच्या घरी जावयाचे, देव कोणी घ्यावयाचे, औषधाची पिशवी कोणी, जमिनीचे व घराचे कागद कोणी, हे ज्येष्ठातच ठरवून टाकावे. गोठ्यातील दावी वेळीच सोडावी; बांधलेले जनावर पोहू शकत नाही. निघताना विजेची मुख्य कळ बंद करावी. परतल्यावर आडाचे पाणी शुद्ध करून घेतल्याखेरीज पिऊ नये, आणि चिखल उपसताना अनवाणी वावरू नये.

आणखी एक. पाणी ओसरल्यावर भिंतीवर चिखलाची जी रेघ राहते, ती बहुतेक घरांतून दिवाळीच्या आत रंगाखाली जाते. घर विकावयाचे असेल तर त्याहूनही आधी. रंग अवश्य द्यावा. पण तत्पूर्वी त्या रेघेच्या उंचीवर, दाराच्या चौकटीशी, वीतभर तरी जागा राखून तेथे तारीख, साल आणि जमिनीपासूनची फुटांतील उंची तैलरंगाने लिहून ठेवावी. घराच्या पुढच्या मालकास, मग तो आपला मुलगा असो वा परका, ती सहज वाचता यावी इतपत अक्षर मोठे असावे.